‘जागेनुसार धार्जिणा’: मराठी वृत्तकक्षांना एक खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिके, वृत्तवाहिन्या आणि बातम्यांची संकेतस्थळे यांचे संपादक,
तसेच रात्रपाळीला परदेशाचे पान लावणारे माझे मित्रमैत्रिणी

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच आहे. १९८८ मध्ये प्रशिक्षणार्थी उपसंपादक म्हणून लागलो आणि निवृत्त होईपर्यंत डेस्कवरच राहिलो. त्यातली निम्मी वर्षे रात्रपाळीत, परदेशाच्या पानावर गेली. आता घरी बसून भाषांतरे आणि मुद्रितशोधन करतो. गेल्या महिन्यात एका माध्यमसमूहाचे काम आले. इंग्रजी बातमीचे पहिले भाषांतर तिथे आता यंत्र करते आणि उपसंपादक त्यावर हात फिरवतो. त्या यंत्राला पुरवायची शब्दसूची मला तपासून द्यायची होती. एक्सेलचा तक्ता, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, नऊशेच्या वर ओळी. चहा पीत पीत खाली सरकत होतो आणि एका जागी थबकलो.

डावीकडे एकाखाली एक पाच नोंदी होत्या: ‘प्रो-रशियन’, ‘रशिया-बॅक्ड’, ‘रशिया-लीनिंग’, ‘रशिया-फ्रेंडली’ आणि ‘रसोफाइल’. उजवीकडच्या पाचही चौकटी एकत्र करून त्यांत एकच मजकूर भरला होता: ‘रशियासमर्थक / रशियाधार्जिणा (जागेनुसार)’.

जागेनुसार! म्हणजे मथळा दोन कॉलमी असेल तर माणूस समर्थक, सिंगल कॉलममध्ये कोंबायचा असेल तर धार्जिणा. एक अक्षर वाचते ना. खाली चीन, पाकिस्तान, इराण, अमेरिका, सगळ्यांना तोच साचा.

मी दोन पानांचे टिपण लिहून पाठवले. उत्तर सभ्य होते, दोन ओळींचे: ‘सर, वाचक एवढा बारकावा बघत नाही. यादी अंतिम झाली आहे.’ म्हणून हे पत्र. त्या समूहाचे नाव मी घेत नाही. दुखणे एका घरचे नाही, आणि त्या दुखण्याने मीही तीस वर्षे अंथरूण धरले होते, हे पुढे येईलच.

आधी त्या उत्तराविषयी. वाचक बारकावा बघत नाही म्हणता? आपला वाचक जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत पक्षाचा उमेदवार, पक्षपुरस्कृत अपक्ष, पक्षाने ऐनवेळी पाठिंबा दिलेला अपक्ष, पक्षातून फुटून उभा राहिलेला बंडखोर आणि ‘आतून साहेबांचाच, पण वरून अपक्ष’ असे पाच प्रकार चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या वेगळे करून सांगतो. यातल्या दोघांची अदलाबदल करून बातमी छापून पाहा, सकाळी सात वाजता कार्यालयात फोन येतो. हाच वाचक परदेशाच्या पानावर आला की त्याची अक्कल जाते, असे मानायला काय आधार आहे? त्याला आपण ते पाच प्रकार कधी दिलेच नाहीत.

आता तक्रारी. मनात आल्या त्या क्रमाने लिहितो.

पहिली तक्रार दिशेची. ‘इराणसमर्थक’ म्हणजे इराणचा समर्थक. ‘इराणसमर्थित’ म्हणजे इराणने ज्याला समर्थन दिले तो. एक षष्ठी तत्पुरुष, दुसरा तृतीया तत्पुरुष. शाळेत हे घोकताना याचा उपयोग काय असे वाटायचे, तो उपयोग हा. एका शब्दात माणूस पाठिंबा देतो, दुसऱ्यात घेतो. हिज्बुल्ला ही लेबनॉनमधली सशस्त्र संघटना १९८२ मध्ये इस्रायलने लेबनॉनवर आक्रमण केल्यानंतर इराणच्या रिव्होल्युशनरी गार्डच्या मदतीने उभी राहिली. पैसा, शस्त्रे, प्रशिक्षण तिकडून आले. तिला इराणसमर्थित म्हणणे हे वर्णन आहे आणि ते तपासता येते. येमेनमधले हुथी बंडखोर उत्तरेकडच्या सादा भागातले, झैदी या शिया पंथाचे. राजधानी साना इथल्या सरकारशी त्यांचे भांडण त्यांचे स्वतःचे आणि जुने. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी साना ताब्यात घेतले. त्यांना इराणची शस्त्रे मिळतात, पण म्हणून ते इराणच्या प्रेमापोटी लढत आहेत असे होत नाही. आपण मात्र दोघांनाही सरसकट ‘इराणसमर्थक’ लिहितो. मग कुठल्याशा शहरात इराणवरच्या हल्ल्याच्या निषेधाचा फलक घेऊन शंभर विद्यार्थी उभे राहतात, तेही ‘इराणसमर्थक’. ज्याच्याकडे क्षेपणास्त्र आहे तो आणि ज्याच्याकडे पुठ्ठ्याचा फलक आहे तो, दोघे एकाच विशेषणात बसवले. यात कोणाचे नुकसान होते ते सांगायला हवे का?

इराकमधले मुक्तदा अल-सद्र शिया धर्मगुरू आहेत, २००४ मध्ये अमेरिकी फौजांशी लढले आहेत. म्हणजे इराणवालेच, असे आपले गणित. त्यांच्या आघाडीला मे २०१८ च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा मिळाल्या तेव्हा ते इराकमधल्या अमेरिकी आणि इराणी, दोन्ही हस्तक्षेपांच्या विरोधात बोलत होते. पंथावरून निष्ठा ठरवली की असा घोटाळा होतो.

माझ्या स्वतःच्या हातची चूक सांगतो. १७ जुलै २०१४ च्या रात्री मी कामावर होतो. मलेशिया एअरलाइन्सचे एमएच-१७ पूर्व युक्रेनवर पाडले गेले, विमानातले २९८ जण गेले. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटली होती, शहर आवृत्तीसाठी पहिले पान मोडून नव्याने लावले. ‘रशियासमर्थक बंडखोरांच्या ताब्यातील भागात’ ही ओळ माझी. त्या रात्री तेवढेच कळले होते, त्याबद्दल मी स्वतःला फाशी देत नाही. पण पुढची चार वर्षे, निवृत्त होईपर्यंत, मी तीच ओळ उचलून चिकटवत राहिलो. नोव्हेंबर २०२२ मध्ये हेगच्या न्यायालयाने या प्रकरणात तिघांना दोषी ठरवले. त्यातले दोघे रशियाचे नागरिक होते, आणि त्यातला इगोर गिरकिन तर रशियाच्या एफएसबी या सुरक्षा यंत्रणेतला माजी अधिकारी. मे २०१४ च्या मध्यापासून बंडखोरांनी तिथे जाहीर केलेल्या दोनेत्स्कच्या तथाकथित प्रजासत्ताकावर रशियाचे एकंदर नियंत्रण होते, असेही न्यायालयाने म्हटले. अशा माणसांना मी ‘रशियासमर्थक’ म्हणत होतो. पाटलालाच ‘पाटलाचा माणूस’ म्हणण्यातला हा प्रकार. मी वापरला तो शब्द सौम्य होता, आणि सौम्य होता म्हणूनच खोटा होता.

दुसरी तक्रार भाषेवरून निष्ठा ठरवण्याची. माझे घोडे खरे इथे अडले आहे.

माझी भाची मिरजेची. फेब्रुवारी २०२२ मध्ये खारकिव्हला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होती. २४ तारखेला पहाटे युद्ध सुरू झाले आणि ती व तिच्या दोन मैत्रिणी जवळच्या मेट्रो स्टेशनात उतरल्या. सहा रात्री तिथेच. फलाटाच्या फरशीवर पुठ्ठे अंथरलेले, मोबाइल चार्ज करायला एका प्लगभोवती वीस माणसे. शेजारच्या पुठ्ठ्यावर सत्तरीची एक बाई होती, यांच्याच इमारतीतली. तिने या मुलींना लोकरीची शाल दिली आणि बरणीतल्या खारवलेल्या काकड्या दिल्या. भाची म्हणाली होती, काकड्या आवडल्या नाहीत, पण बाईला वाईट वाटू नये म्हणून आम्ही तिघींनी बरणी संपवली.

रोज रात्री तिचा फोन यायचा, दोन मिनिटांचा. २८ तारखेला मी तिला धीर द्यायचा म्हणून म्हटले, अगं, पेपरात आलंय, तुमच्या भागातली लोकसंख्या बरीचशी रशियासमर्थक आहे, तिथं फार काही होणार नाही. तिकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, ‘मामा, माझ्या शेजारच्या आजी रशियनच बोलतात. त्यांना युक्रेनियन नीट येत पण नाही. आणि चार दिवस त्या पुतिनला शिव्या घालतायत. रशियनमध्येच घालतायत. तुझ्या पेपरवाल्यांना सांग.’

२ मार्चला दूतावासाने सगळ्या भारतीयांना खारकिव्ह सोडायला सांगितले. तोवर शहरावर सतत मारा चालू होता आणि त्यात कर्नाटकातला एक भारतीय विद्यार्थी गेला होता. मुली चालत शहराबाहेरच्या पिसोचिनपर्यंत गेल्या, तिथून पुढे पोलंडची सीमा आणि मग घर. ती आज डॉक्टर आहे. तिने मला माफ केले आहे, मी स्वतःला नाही. कारण ‘बरीचशी रशियासमर्थक लोकसंख्या’ हे वाक्य कुठून आले ते मला ठाऊक आहे. वृत्तसंस्थेच्या मूळ तारेत ‘रशियनभाषिक’ असे होते. कुणीतरी घाईत ‘रशियन’ एवढेच पाहिले आणि हाताला सवय असलेले शेपूट जोडले. मीही असेच जोडले असते.

रशियाच्या सीमेपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवरचे ते शहर रशियन बोलते. झेलेन्स्की क्रिवी रीहचे, तेही रशियन बोलतच वाढले आणि २०१९ मध्ये सुमारे ७३ टक्के मते घेऊन निवडून आले. भाषेवरून निष्ठा मोजायची तर युक्रेनचा अध्यक्षच रशियासमर्थक ठरतो. बोलल्या जाणाऱ्या भाषेवरून माणसाला कोणत्या कप्प्यात टाकतात आणि ते किती बोचते, हे सीमाभाग पाहिलेल्या मराठी पत्रकारांना मी काय सांगायचे?

तिसरी तक्रार छोटी आहे. समास जोडून लिहा. ‘चीनसमर्थक’ म्हणजे चीनचा समर्थक. ‘चिनी समर्थक’ म्हणजे चीनचा रहिवासी असलेला कुणाचा तरी समर्थक. ‘पॅलेस्टिनी समर्थकांचा मोर्चा’ लिहिले तर मोर्चा पॅलेस्टिनी माणसांनी काढला असा अर्थ होतो. मोर्चा लंडनमधल्या इंग्रजांचा असतो. वाहिन्यांच्या पट्टीवर ‘पाक समर्थक’ असे सुटे लिहितात तेव्हा मला दर वेळी गुलाबजाम आठवतात, पण तो माझा दोष.

आता ‘धार्जिणा’. हा शब्द माझा लाडका आहे, म्हणून त्याचे हाल बघवत नाहीत.

माझी आजी म्हणायची, ‘काळी म्हैस आपल्या दावणीला धार्जिणी नाही.’ दोन म्हशी पाठोपाठ दगावल्या होत्या. कुणाला पूर्वेचे दार धार्जिणे, कुणाला भाड्याचे घर. आत्याला पुण्याची हवा धार्जिणी झाली नाही. मानवणारा, लाभणारा, ज्याच्या येण्याने आपले बरे होते तो धार्जिणा. यात म्हशीच्या मनात काय आहे हा प्रश्नच येत नाही. म्हैस काही दावणीची ‘समर्थक’ नसते. तिच्यामुळे लाभ झाला की नाही, एवढेच मोजायचे.

या जुन्या अर्थाने ‘चीनधार्जिणे धोरण’ हा प्रयोग चोख आहे. ज्या धोरणाचा लाभ चीनला होतो ते. कोणी हेतूने केले की अजाणता, हे त्यात येत नाही. आपण काय केले? धोरणाचे विशेषण उचलून माणसाला लावले. ‘चीनधार्जिणे नेते’, ‘पाकधार्जिणी वृत्ती’. आता त्या शब्दात लाभ राहिला नाही, नियत आली. लाभ मोजता येतो. नियत मोजायचे यंत्र कोणत्या वृत्तकक्षात बसवले आहे? आणि एकदा नियतीवर बोट ठेवले की पुढचा शब्द ‘फितूर’. आपल्या इतिहासात फितुरीची शिक्षा काय होती हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तो शब्द आपण जपून वापरतो. धार्जिणा मात्र फुकट वाटतो. त्यात आरोप तोच असतो, जबाबदारी कुणाचीच नसते.

हे काही यंत्राने सुरू केलेले नाही. १९६२ च्या युद्धानंतर आपल्याकडे कम्युनिस्टांना ‘मॉस्कोवादी’ आणि ‘पेकिंगवादी’ (पेकिंग म्हणजे आजचे बीजिंग) अशी विशेषणे चिकटली. श्रीपाद अमृत डांगे यांनी नेहरूंच्या भूमिकेला पाठिंबा दिला, दुसऱ्या बाजूचे अनेक जण भारत संरक्षण नियमांखाली तुरुंगात गेले. १९६४ मध्ये पक्ष फुटला. उजवे कम्युनिस्ट आणि डावे कम्युनिस्ट असे दोन बरे शब्द हाताशी होते, ते वापरलेही जात. पण जास्त खपले ते पेकिंगवादी. पुढे १९६७ मध्ये पश्चिम बंगालमध्ये नक्षलबारीची बंडाळी झाली. चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स डेली’ या दैनिकाने जुलैमध्ये तिचे गुणगान केले आणि पश्चिम बंगालच्या सरकारात बसलेल्या त्याच ‘पेकिंगवादी’ मार्क्सवादी पक्षाचा पेकिंगने उद्धार केला. ज्याच्या नावाने तुरुंग भोगला त्यानेच झिडकारले, आणि तरी विशेषण सुटले नाही. शिवाय ‘वादी’ हा प्रत्यय विचाराला लागतो, शहराला नव्हे. माओवादी असू शकतो. पेकिंगवादी म्हणजे काय?

आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस? १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानशी लढणाऱ्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केले, शेवटच्या वर्षी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्या सूचीतल्या नोंदीप्रमाणे त्यांचा मथळा काय होईल, तो तुम्हीच जुळवून पाहा. सिंगल कॉलममध्ये. मराठीत यासाठी ‘चीनप्रेमी’ हा साधा शब्द होता. तसाच ‘रशियाप्रेमी’: स्टालिनग्राडवर पोवाडा रचणारे आणि १९६१ मध्ये रशिया पाहून आलेले अण्णा भाऊ साठे. तसेच सोव्हिएत काळातली गुळगुळीत कागदाची मराठी बालपुस्तके लोकवाङ्मय गृहातून स्वस्तात विकत घेतलेली माझी पिढी. त्या पुस्तकातल्या अस्वलावर माझे अजून प्रेम आहे. क्रेमलिनच्या कुठल्याही फौजेशी त्या प्रेमाचा संबंध नाही. सूचीतला पाचवा शब्द, रसोफाइल, याला ‘प्रेमी’ एवढा जवळचा प्रतिशब्द असताना तिथेही धार्जिणा?

यापुढची तक्रार शेजारी देशांची आहे, आणि तिथे आपली चूक सर्वात महाग पडते.

नेपाळचे के. पी. ओली हे आपल्या मथळ्यांतले कायमचे ‘चीनधार्जिणे’. २०१५ ची भारत-नेपाळ सीमेवरची नाकेबंदी, मार्च २०१६ चा चीनशी पारगमन करार, २०२० मध्ये लिपुलेख, कालापानी आणि लिंपियाधुरा नेपाळच्या हद्दीत दाखवणारा नवा नकाशा: विशेषणाला कारणे आहेत, नाही असे नाही. पण १९९६ मध्ये भारताशी झालेल्या महाकाली नदीच्या पाण्याविषयीच्या कराराच्या बाजूने त्यांच्या पक्षात जे ठाम उभे राहिले त्यांत हेच ओली होते. त्या करारावरून पुढे पक्ष फुटला. त्या काळी त्यांची गणना दिल्लीच्या जवळच्यांत व्हायची. मग माणूस बदलला, की त्याच्या देशातले गणित बदलले? विशेषण लावले की हा प्रश्न विचारायचा राहून जातो. नेपाळी राजकारणात भारतापुढे झुकणाऱ्याला ‘लम्पसारवादी’ म्हणतात, लोटांगण घालणारा. हा शब्द कानावर असला की ओलींना नकाशा का काढावा लागला हे निम्मे कळते.

मालदीवचे मोहम्मद मुइज्जू सप्टेंबर २०२३ मध्ये ‘इंडिया आउट’च्या लाटेवर निवडून आले. जानेवारी २०२४ मध्ये चीनला गेले, आणि मे महिन्यापर्यंत भारताचे लष्करी कर्मचारी परत आले. चीनधार्जिणे, म्हटले आपण. जूनमध्ये ते मोदींच्या शपथविधीला दिल्लीत होते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा आले आणि ४० कोटी डॉलर व ३ हजार कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा करार करून गेले. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या देशाच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला मोदी पाहुणे होते आणि भारताने ४ हजार ८५० कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. त्या सकाळी एका संकेतस्थळावर मी वाचले: ‘चीनधार्जिण्या मुइज्जूंकडून मोदींचे जंगी स्वागत’. मथळा लिहिणाऱ्याला त्यात विसंगती दिसली नाही, कारण ‘चीनधार्जिणे’ हे आता विशेषण राहिलेले नाही. ते आडनाव झाले आहे.

श्रीलंकेचे तर मासलेवाईक आहे. राजपक्षे चीनधार्जिणे, २०१५ मध्ये त्यांना हरवून आलेले सिरिसेना आणि त्यांचे पंतप्रधान विक्रमसिंघे आपल्या बाजूचे, असे आपण वाचकाला सांगितले. हंबनटोटा बंदर चिनी कर्जातून बांधले राजपक्षेंनी, हे खरे. ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीच्या हाती गेले २०१७ मध्ये, सुमारे ११२ कोटी डॉलरना, आणि त्या करारावर सही केली ती ‘आपल्या’ सरकारने. आजीच्या अर्थाने पाहिले तर चीनला धार्जिणे कोण झाले?

आणि शेख हसीना. त्या आपल्या मथळ्यात ‘भारतमित्र’, ‘भारतस्नेही’. त्यांच्याच कारकिर्दीत बांगलादेशाने चीनकडून दोन पाणबुड्या घेतल्या, ५ ऑगस्ट २०२४ ला देश सोडावा लागण्याच्या महिनाभर आधी त्या बीजिंगला जाऊन आल्या होत्या. त्यांच्या विरोधकांच्या तोंडी त्यांच्यासाठी शब्द होता ‘भारतेर दालाल’. आपल्याकडे झुकला तर मित्र, दुसरीकडे झुकला तर धार्जिणा, आणि दोन्ही शब्द बातमीत, दोन्ही आपल्या तोंडचे, अवतरणचिन्हांशिवाय. ९ ऑगस्ट १९७१ ला आपण सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार केला आणि पाश्चात्य वृत्तपत्रे आपल्याला सोव्हिएतांच्या गोटातले म्हणू लागली. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाविरुद्ध मत दिले, ३५ तटस्थ राहिले, त्यांत आपण होतो. पुन्हा तोच शिक्का. आपल्या अग्रलेखांनी तेव्हा बजावले की हे समर्थन नव्हे, देशहित आहे. बरोबर बजावले. एवढी समज अग्रलेखाच्या पानावर असते, ती परदेशाच्या पानापर्यंत पोचेतो कुठे सांडते?

मला ठाऊक आहे, रात्री साडेअकराला चार अक्षरे कमी करायची असतात आणि डोक्यावर पान सोडणारा उभा असतो. त्यावर एक जुना उपाय आहे. विशेषण काढून टाका. जुलै २०२४ मध्ये ‘ओली पुन्हा पंतप्रधान’ एवढा मथळा पुरेसा होता, आणि तो सिंगल कॉलममध्येही बसतो.

माझ्या मागण्या अशा:

१. शब्दसूचीतल्या त्या पाच नोंदी वेगळ्या करा आणि ‘जागेनुसार’ हा शब्द काढा. जो स्वतःहून उघड पाठिंबा देतो तो समर्थक. ज्याला पैसा, शस्त्रे किंवा प्रशिक्षण मिळते तो समर्थित, किंवा सरळ ‘अमक्याचे पाठबळ असलेला’. भूमिका किंवा धोरण झुकते असेल तर ‘अनुकूल’, तेही माणसाला नव्हे, धोरणाला. संस्कृतीची, भाषेची, साहित्याची ओढ असेल तर प्रेमी. आणि जो त्या देशाचाच सैनिक किंवा अधिकारी आहे त्याला त्या देशाचा सैनिक किंवा अधिकारी म्हणा.

२. ‘समर्थित’ लिहिले तर पाठबळ कसले, हे बातमीत एका वाक्यात सांगा. सांगता येत नसेल तर शब्द वापरू नका.

३. ‘धार्जिणा’ माणसाला लावायचा तर तो कुणीतरी उच्चारलेला असावा, अवतरणात असावा आणि उच्चारणाऱ्याचे नाव शेजारी असावे. सहीच्या लेखात लेखकाने खुशाल वापरावा, जबाबदारी त्याची. ‘मित्र’ आणि ‘स्नेही’ यांनाही हाच नियम.

४. भाषा, धर्म, पंथ किंवा वंश यांवरून कोणत्याही लोकसंख्येला कोणत्याही देशाचे समर्थक ठरवू नका. ‘रशियनभाषिक’ हा शब्द मथळ्यात मावत नसेल तर मथळा बदला.

५. कोणत्याही नेत्याचे विशेषण जुन्या बातमीतून उचलून चिकटवू नका. ते कशावरून लावले, याला गेल्या वर्षभरातले एक तरी कारण हवे.

६. समास जोडून लिहा.

७. चुकले तर शुद्धिपत्र द्या, त्याच पानावर. ‘रशियासमर्थक लोकसंख्या’ या ओळीबद्दल आजतागायत कुणी दिलेले नाही. मी त्या दैनिकाला तीन पत्रे लिहिली, एकही छापले गेले नाही. म्हणून चौथे असे उघड्यावर लिहावे लागले.

ज्या समूहाची सूची मी तपासली त्यांना माझे बिल मिळाले नसेल. मी ते पाठवलेले नाही. त्या पाच ओळींसमोर पाच वेगळे शब्द भरून तक्ता परत धाडला आहे. तो बदल स्वीकारला की कळवा, मग बिल पाठवतो.

आपला,
परदेशाच्या पानावरचा एक जुना उपसंपादक